चिकाचा डाग

हातखंबा

हातखंब्याच्या तिठ्यावर बसमधून उतरले की सर्वांत आधी भेटतो तो वास. समुद्र अजून लांब असतो आणि महामार्गाच्या कडेची झाडे धुळीने माखलेली असतात. पण मे महिन्यात रस्त्यालगत मांडलेल्या लाकडी पेट्यांतून, भाताच्या पेंढ्याच्या उबेत पिकणाऱ्या हापूसचा वास डिझेलच्या धुरालाही पुरून उरतो. पुण्याच्या मंडईतही हाच आंबा मिळतो. तिथे तो हुंगून, दाबून, घासाघीस करून घ्यावा लागतो. इथे तो विकत घेण्याआधीच आपल्या कपड्यांना लागलेला असतो.

मी पुण्यातील एका प्रयोगशाळेत त्वचेच्या कर्करोगांमागील जनुकीय बिघाडांचा अभ्यास करत होते. ऑगस्टअखेर पुढील संशोधनासाठी युरोपात रुजू व्हायचे ठरले होते, आणि त्यानंतरचे काही आंब्याचे हंगाम हुकणार हे निश्चित होते. शाळेत असताना माझी प्रत्येक उन्हाळी सुट्टी रत्नागिरीजवळच्या मामाच्या आंबाबागेत गेली. महाविद्यालय सुरू झाल्यावर या भेटी विरळ झाल्या, आणि गेली काही वर्षे तर फोनवरच भागत होते. म्हणून जाण्यापूर्वी एक मे महिना पुन्हा पूर्वीसारखा घालवावा, इतकाच या प्रवासाचा हेतू होता. सोबत लॅपटॉप होता. तो उघडायचा नाही असे ठरवले होते, आणि तेवढे मात्र पाळले.

मामा टेंपो घेऊन आला होता. सकाळच्या पेट्या एका व्यापाऱ्याकडे उतरवून तो चहाच्या टपरीपाशी उभा होता. पूर्वीसारखाच ताठ, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, डोकीला काही नाही. मला पाहून हसला आणि हसताना त्याचा डावा गाल नेहमीसारखा आत ओढला गेला. तरुणपणी त्याच्या जबड्यात पाण्याच्या गाठी झाल्या होत्या आणि दोनदा शस्त्रक्रिया करावी लागली होती. आम्हा मुलांना तो आत गेलेला गाल म्हणजे मामाची खूण वाटे.

नवीन होते ते नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याखाली. वाटाण्याएवढा काळपट फोड, कडा किंचित उंच आणि तुकतुकीत, मध्ये खपली.

"मामा, हे काय झालंय?"

"चीक उडालाय," टेंपोचे दार लावत तो म्हणाला. "आंब्याचा धंदा म्हटलास की चीक उडायचाच. बस तू पुढे."

ज्यांनी आंबा केवळ ताटात पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. झाडावरून उतरवलेल्या आंब्याचा देठ मोडला की त्यातून पातळ, पारदर्शक चीक पिचकारीसारखा उडतो. तो त्वचेला अक्षरशः भाजतो. आधी आग, मग फोड, मग काळा डाग. मे महिन्यात बागेतल्या प्रत्येकाच्या हातावर, मानेवर, गालावर असे डाग असतात आणि त्यांची कुणी वास्तपुस्त करत नाही. पावसाळा लागला की ते जातात.

"कधी उडाला?"

"झाला असेल महिना." घाटी उतरताना त्याने गिअर बदलला. "दोन म्हण."

माझ्या मनात हिशेब सुरू झाला होता: दोन महिन्यांपूर्वी त्याच्या बागेतला आंबा नुकताच उतरू लागला असेल, आणि चिकाचा डाग इतके दिवस ओला राहत नाही.

बाग

रत्नागिरीची जमीन परक्या माणसाला प्रथम उघडीबोडकी वाटते. वर काळपट तांबडा कातळ पसरलेला, त्यावर वाळलेले गवत, आणि जिथे उतार सुरू होतो तिथे जांभा दगड रचून घातलेल्या गडग्यांआड एकदम गर्द हिरवी कलमे. आमच्या देशावरच्या आमराईत झाडे उंच आणि सावली पसरट असते. इथली कलमे बुटकी, घेरदार. फांद्या जमिनीला टेकतात आणि मुले त्यांखाली घरे करतात. आमचेही एक घर असे. त्या झाडाखाली वाकून गेले तेव्हा पाठ फांदीला घासली. लहानपणी तिथे उभे राहता येत असे.

मामीने आंबोळ्या आणि कोवळ्या फणसाची भाजी केली होती. मामी बोलायला मोकळी आणि वाढायला सढळ. "पुण्यात काय खातेस गो? हाडं दिसायला लागली," असे म्हणत तिने विचारण्याआधीच तिसरी आंबोळी पानात टाकली. मामेबहीण मनू मागील दाराने आली, अंगभर धूळ, कमरेला कोयता. शेतीचे शिक्षण घेऊन ती आता घरच्या कलमांची रोपवाटिका पाहते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, जिभेने मात्र वडीलधारी.

"आलीस होय रेवाताई? मला वाटलं, आता आमचा आंबा तू काचेखाली ठेवूनच बघणार."

"तुला ठेवते काचेखाली."

"ठेव. पण आधी पेट्या भरायला चल."

या घरात कलमे बांधण्याचा एक रिवाज आहे, तो इथे सांगायलाच हवा. हापूस कोयीतून होत नाही. हापूसची कोय रुजवली तर काय निपजेल याचा भरवसा नसतो. म्हणून रुजलेल्या रोपाचा शेंडा छाटून त्यावर चांगल्या झाडाची काडी बसवतात आणि घट्ट बांधतात. काडी जगली तर "कलम धरलं" म्हणायचे. मामाकडे असे मानतात की हे बांधायला विशिष्ट हात लागतो. आजोबांच्या तळहातांवर टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक खळगे होते. तसेच मामाच्या हातांवर आले, आणि पुढे मनूच्या. हात पाण्यात राहिले की ते ठळक होत. उकड मळताना त्यांत पीठ अडके आणि तळहातावर पांढरे ठिपके उमटत. "बागेचा हात" असे आजोबा त्याला म्हणत. खळगे असलेल्यांनीच कलमे बांधायची. इतरांनी फडके, दोरी आणि काड्या हातात द्यायच्या.

माझे तळहात गुळगुळीत. आईचेही तसेच. मी आठ-नऊ वर्षांची असताना आजोबांची नजर चुकवून एक कलम बांधले होते. त्यांनी ते पाहिले, रागावले नाहीत, फक्त गाठ सोडून स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली. मनू तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती, तरी तिची मूठ उघडून त्यांनी सर्वांना दाखवली होती. त्या दिवशी मी अंगणात बसून टाचणीने तळहात टोचून पाहिला. आईने टाचणी काढून घेतली आणि पाठीत धपाटा घातला.

ती आठवण मी अनेक वर्षे गमतीने सांगत आले. या वेळी पडवीत मनूने पेट्या भरून झाल्यावर बादलीत हात बुडवले, ते वर काढून मला दाखवत म्हणाली, "बघ, अजून आहेत हो आपल्याकडे," आणि मला हसू आले नाही.

तळहातांवरचे खळगे. जबड्यातल्या गाठी. आता नाकाशेजारी न भरणारा, तुकतुकीत कडांचा फोड. यांतली प्रत्येक गोष्ट मला वेगवेगळी ठाऊक होती, पण त्या एका ओळीत कधी मांडल्या गेल्या नव्हत्या. त्या तशा मांडल्या की माझ्या विषयाच्या पुस्तकांतले एक पूर्ण प्रकरण होत होते.

माझा डाग

दुसऱ्याच सकाळी माझ्या हातून अपघात झाला. झेल्याने आंबे उतरवण्याचा माझा सराव मोडला होता. झेला म्हणजे लांब काठीला बांधलेली जाळीची पिशवी. तिच्या तोंडाशी पाते असते आणि देठासकट फळ कापून आत पाडायचे असते. मी जरा जास्त ओढला. देठ मुळाशी मोडला आणि चीक सरळ मनगटावर उडाला. क्षणभर काहीच वाटले नाही, मग अशी आग उठली की झेला टाकून मी विहिरीकडे धावले.

"धाव, धाव!" मागून मनू ओरडली. "बाबा, तुमची शास्त्रज्ञ भाजली!"

मामा हसत खोबरेल तेल घेऊन आला. त्याने माझे मनगट हातात घेतले, आधी साबणाने धुतले, मग तेल चोळले. त्याचा तळहात खरखरीत होता आणि त्यावरचे खळगे माझ्या त्वचेला जाणवत होते. "आता झालीस बागेतली," तो म्हणाला. लहानपणी हे ऐकण्यासाठी मी काहीही केले असते.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे कातळावर फिरायला गेलो. वर वारा होता, खाली खाडीचे पाणी पत्र्यासारखे चकाकत होते. तो मला जुन्या जागा दाखवत होता: इथे तुझी चप्पल हरवली, इथे तू करवंदांच्या जाळीत अडकलीस. मी संधी साधून म्हटले, "मामा, तो फोड त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला हवा. तो चिकाचा नाही असं मला वाटतं."

चालता चालताच तो म्हणाला, "मला काय कळत नाही असं समजू नकोस. गेल्या हंगामापासून आहे तो. रक्त येतं, खपली धरते, परत रक्त."

"मग कुणाला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर कापायला नेलं असतं. जबडा दोनदा कापलानी माझा. आरशात बघायला वर्षभर लागलं मला." तो थांबला. "पलीकडच्या वाडीत एकाला गळ्याला झालं होतं. त्याला शेक दिला, सुरी लावली नाही. मला शेक देत असतील तर सांग, उद्या येतो. कापायचं असेल तर आंबा उतरल्यावर बघू."

किरणोपचाराला आपल्याकडे शेक म्हणतात, आणि त्या शब्दात एक खोटी ऊब आहे. इतर अनेकांसाठी तो चांगला उपचार आहे. परंतु माझा अंदाज खरा असेल, तर मामासाठी शेक हाच सर्वांत टाळायचा उपाय होता. आणि का टाळायचा हे सांगायचे तर तळहातांपर्यंत जावे लागणार होते, म्हणजे मनूपर्यंत. मामाला वाचवणारे आणि मनूला घाबरवणारे वाक्य एकच होते. प्रयोगशाळेत मी असले निष्कर्ष रोज लिहिते. तिथे नमुन्यांवर क्रमांक असतात.

मी काही दिवस थांबले. भित्रेपणा त्यात होताच, पण एक कारण पद्धतीचेही होते: मला माझ्या मनगटाची वाट पाहायची होती.

ते दिवस सुंदर गेले, हेही नोंदवले पाहिजे. सकाळी मऊभात आणि मेतकूट, दुपारी पडवीत पेंढा अंथरून आंब्यांची अढी लावणे, उन्हे कलली की मनूबरोबर विहिरीवर. मामी एकदा सांदणे करत बसली होती आणि आंब्याच्या रसात भिजलेला रवा ढवळता ढवळता म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या कपाळावर पण असाच डाग होता हो. शेवटी शेवटी फार चिघळला. चिकानेच केलंन ते." मी हातातली वाटी खाली ठेवली. आजोबांचा तो डाग मला आठवत होता. पाया पडायला वाकले की मी तो जवळून पाहत असे, आणि त्यांच्या बागेतल्या इतक्या वर्षांचे ते बक्षीस असावे असे मला वाटे.

पडवीतली दुपार

माझ्या मनगटावरचा फोड आधी काळा पडला, मग सुकला, मग त्याची खपली निघून खाली नवी गुलाबी त्वचा आली. त्या दुपारी जेवणे झाल्यावर सगळे पडवीत होते. मामी आंब्याच्या कोयी वाळत घालत होती, मनू चटईवर आडवी. मी मामासमोर मनगट धरले.

"हा चिकाचा डाग. तुझ्या देखत उडाला, तुझ्या देखत भरला. तुझा गेल्या हंगामापासून भरत नाही. एकच चीक, एकच बाग. मग फरक कशाचा?"

"वयाचा," मामा म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"सरळ बोल गो," मामीने हातातली कोय तशीच धरून म्हटले. "फिरवून बोलू नकोस."

मग मी सरळ बोलले. हा त्वचेचा एक कर्करोग असावा; जगात सर्वाधिक आढळणारा हाच. तो सहसा लांब पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरत जातो, आणि मामाच्या डोळ्यापासून तो फार दूर नाही. आपल्या सावळ्या त्वचेत तो कमी होतो आणि झालाच तर काळा दिसतो, म्हणून लोक त्याला डाग म्हणून सोडून देतात.

"पण कशाने होतो?" मनू उठून बसली होती.

"उन्हाने. शरीरातल्या प्रत्येक पेशीला वाढ आवरणारा एक लगाम असतो, आणि त्याच्या दोन दोऱ्या असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक दोरी तुटली तरी दुसरी आवरून धरते. ऊन या दोऱ्या तोडत असतं, सगळ्यांच्याच. पण एकाच पेशीतल्या दोन्ही तुटायला बहुतेकांचं आयुष्य जातं, म्हणून हा रोग म्हातारपणी, आणि तोही थोड्यांना होतो. काहींना मात्र जन्मतःच एक दोरी तुटकी मिळते. त्यांच्या प्रत्येक पेशीत. मग उन्हाला एकच तोडायची राहते."

"आणि ते कळतं कसं?" मामाने विचारले. उत्तर त्याला उमगले असावे. तो स्वतःच्या हातांकडे पाहत होता.

"जबड्यात गाठी होतात. तळहातांवर खळगे येतात."

गडग्यापलीकडे वानरांना हाकण्यासाठी कुणीतरी डबा वाजवत होते.

"आणि शेक?"

"शेकाची किरणंही दोऱ्या तोडतात. ज्यांना एकच आहे त्यांना जिथे शेक द्यावा तिथे काही वर्षांनी नवे फोड उठतात. म्हणून तुझ्यासाठी सुरीच, मामा. लहान असतानाच काढला तर घावही लहान."

मनूने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. "म्हणजे माझी पण एक तुटकी."

"रक्त तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. आईबापांपैकी एकाला असलं तर मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते. कोयीसारखं आहे ते, कलमासारखं नाही—"

"ताई, पुस्तकातलं बोलू नकोस. हे बघ आणि सांग."

मी पाहिले. लहानपणी हेवा वाटून पाहिलेले ते ठिपके आता मी शिकलेल्या नजरेने पाहत होते, आणि दोन्ही नजरांना ते सारखेच दिसत होते.

"बहुतेक, होय."

मामी उठून आत गेली. स्वयंपाकघरात एक भांडे पडल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज चढलेला. "हात बागेचा, हात बागेचा म्हणून मी हिला दिवस दिवस उन्हात बसवली. परकर नेसत होती तेव्हापासून कलमं बांधून घेतली हिच्याकडून. कुणाला तरी ठाऊक असेल की नाही हे?"

"आई, मला आवडतं ते काम," मनू म्हणाली. "तू बसवलीस म्हणून बसले नाही मी." मग माझ्याकडे वळून विचारले, "म्हणजे माझ्या हाताने कलम धरतं ते सगळं खोटंच?"

"तुझी कलमं धरतात ती तुला बांधता येतात म्हणून."

"हे निदान बरं बोललीस."

मामा उठला. खुंटीवरचा सदरा काढून त्याने अंगात घातला, जणू त्याच क्षणी निघायचे होते. "उद्या जाऊ रत्नागिरीला. पण मनूला पण दाखवायचं."

"आंबा उतरायचाय ना अजून?" मामी म्हणाली. तिला दुखवायचे नव्हते. तिला खात्री करून घ्यायची होती.

"झाडावर पिकू दे. वानरांना तरी कधी पोटभर मिळायचा?"

रत्नागिरी शहर

त्वचेच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी भिंगातून फोड पाहिला, मामाला कोमट पाण्यात हात बुडवून बसवले आणि मनूलाही. एकाच टबात बापलेकीचे चार हात. "लहानपणी असंच मांडवीच्या किनाऱ्यावर पाण्यात हात धरून उभी करायचात मला," मनू त्याला म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून हलकेच होकारार्थी मान हलवली. त्यांनी फोडाचा एक लहानसा तुकडा तपासणीसाठी काढला, दोघांच्या रक्ताचे नमुने बाहेर पाठवले आणि शेकाचा विषय मामाने काढताच तो तिथेच मिटवला.

बाहेर पडल्यावर मामाने नाकावरच्या पट्टीनिशी आम्हाला मांडवीच्या किनाऱ्यावर नेले. पूर्वी शहरात आलो की हा कार्यक्रम ठरलेला असे: काळ्या वाळूत चालायचे, भेळ खायची, आणि परतताना टेंपोत झोपायचे. या वेळी उन्हे उतरेपर्यंत आम्ही एका दुकानाच्या सावलीत थांबलो. मामाने शेजारच्या टपरीवरून रुंद काठाची एक टोपी घेतली आणि मनूच्या डोक्यावर ठेवली.

"शोभते का?" तिने मला विचारले.

"बुजगावण्यासारखी दिसतेस."

"मग वानरं तरी पळतील."

भेळ पूर्वीसारखीच तिखट होती. समुद्रही तोच. मी तिघांच्या सावल्या वाळूवर लांबत जाताना पाहत होते. या किनाऱ्यावर आजोबांचा हात धरून चालताना मी त्यांचा तळहात माझ्या बोटांनी चाचपत असे, हे मला आठवले. माझ्या विषयाची पहिली पाने मी बहुधा तिथेच वाचली होती. अक्षरओळख मात्र फार पुढे झाली.

हळदीची पाने

अहवाल आला तो माझ्या अंदाजाप्रमाणेच. जूनमध्ये कोल्हापुरात मामाची शस्त्रक्रिया झाली. फोड कडांसह पूर्ण निघाला आणि डोळा वाचला. मनूचा अहवाल सावकाश आला. तिने तो मला फोनवर वाचून दाखवला, जनुकाचे नाव अडखळत, आणि शेवटी म्हणाली, "तुटकी आहे. ठरल्याप्रमाणे." यापुढे दर काही महिन्यांनी तिची त्वचा आणि वरचेवर जबडा तपासला जाईल. एवढ्याने रोग टळेल असे नाही. पण तो मोठा होण्यापूर्वी सापडेल.

युरोपात जाण्यापूर्वी श्रावणात मी पुन्हा हातखंब्याला उतरले. या वेळी आंब्याचा वास नव्हता, ओल्या मातीचा आणि तळल्या वड्यांचा होता. कातळ ओळखू येत नव्हता. मे महिन्यात जिथे वाळके गवत होते तिथे पाणी साचून रानफुले उगवली होती. मामाच्या नाकावर तिरकी पांढरट रेघ होती. "आता दोन खुणा," तो म्हणाला आणि गाल आत ओढून हसला.

घरी मामी पातोळे करत होती. हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ थापायचे, गूळ-खोबरे भरून पान मिटायचे आणि वाफवायचे. मनू पीठ थापत होती आणि तिच्या तळहातावर ते पांढरे ठिपके उमटले होते. मग तिनेच हात वर करून म्हटले, "उजव्यावर जास्त आहेत, बघितलंस? इतकी वर्षं लक्षातच नव्हतं." मामीने तिच्या हातावर चापट मारली. "पीठ थाप."

रोपवाटिका आता हिरव्या जाळीच्या छपराखाली गेली होती. पावसाळी ढग असले तरी मनू लांब बाह्यांत आणि टोपीत. रुजलेल्या कोयींना तांबूस कोवळी पाने आली होती. कलमे बांधायचे दिवस होते. आजोबांच्या काळापासून जिथे काड्या पुरवणारी मी बसत असे, तिथे आज मनू बसली आणि तिने मला समोरच्या पाटावर बसवले.

"बांध."

"माझे हात गुळगुळीत आहेत."

"म्हणूनच. मला कळू दे खरं काय ते. तुझ्याच भाषेत सांगायचं तर, प्रयोग आहे."

मी रोपाचा शेंडा छाटला, मध्ये चीर दिली, काडीला पाचरीसारखा तास दिला आणि ती चिरेत बसवली. पट्टी गुंडाळून गाठ मारली. मामा मागे उभा होता. मी वाट पाहत राहिले की तो वाकेल, गाठ सोडेल आणि पुन्हा बांधेल. तो वाकला, गाठ अंगठ्याने चाचपली, आणि पुढचे रोप माझ्यासमोर सरकवले.

आता मी जिथे राहते तिथे उन्हाळ्यातही ऊन मिळमिळीत असते, आणि त्वचेचा हा रोग मात्र गल्लोगल्ली असतो. गोरी माणसे सुट्टीत उन्हात तासन्‌तास पडून राहतात. मला ते पाहवत नाही, आणि मामी इथे असती तर तिने प्रत्येकाला उठवून सावलीत बसवले असते. प्रयोगशाळेत काचपट्टीवर मी त्याच तुटलेल्या दोऱ्या शोधते. बहुतेक नमुन्यांत त्या दोन्ही उन्हाने तोडलेल्या असतात, क्वचित एखाद्यात एक जन्मापासूनची. तसा नमुना समोर आला की मी काम थांबवून खिडकीपाशी जाते.

गेल्या आठवड्यात मनूने एक फोटो पाठवला. माझ्या पाच कलमांपैकी तीन धरली होती. त्यांतल्या एकाला टोकाशी तांबूस पालवी फुटली होती. खाली तिने लिहिले होते: "माझी दहातली आठ. तुझ्या हाताला अजून सराव हवा." फोटो मी मोठा करून पाहिला. कलमाखाली आधाराला धरलेला हात तिचाच होता, आणि त्यावरची बाही बोटांच्या पेरांपर्यंत ओढलेली होती.